मॅडम, त्या रात्रीच्या फोनसाठी थँक्यू

मॅडम,

तुम्ही रिटायर झालात त्या दिवशी सगळ्यांनी भाषणं केली, मी नाही केलं. स्टेजवर बोलायचं म्हटलं की माझी ततपप होते हे तुम्हाला माहितीये, दुसऱ्यांची भाषणं लिहून देणारी माणसं बहुतेक अशीच असतात. म्हणून इथे लिहितेय, सगळ्यांसमोर, म्हणजे "अगं त्यात काय एवढं" म्हणून तुम्हाला विषय बदलता येणार नाही.

ज्यांना मॅडम माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात, आधी एका नेत्याच्या प्रचारात प्रेस सांभाळायच्या, मग न्यूज चॅनेलच्या असाइनमेंट डेस्कवर गेल्या, आणि नंतर एका प्रोफेशनल टीमच्या कम्युनिकेशन्स हेड. राजकारणातले म्हणायचे ही मीडियाला फितूर झाली, मीडियावाले म्हणायचे मूळची पार्टीवालीच, आणि टीममध्ये पहिल्याच दिवशी कोचने विचारलं होतं की गेम कळतो का. तुम्ही म्हणालात, नाही, पण हरल्यावर काय बोलायचं ते कळतं, दोन निवडणुका हरलेय मी.

मी तुमच्याकडे आले तेव्हा मला प्रेस नोट लिहिता येते असा माझा समज होता. तुम्ही पेन घेऊन 'दमदार', 'ऐतिहासिक', 'जिगरबाज' सगळं खोडलंत, पानभर मजकुराच्या दोन ओळी उरल्या, आणि म्हणालात की बातमी एवढीच आहे, दमदार होती की नाही ते रिपोर्टर ठरवेल. मला भयंकर राग आला होता, आज सांगते. मग तुमची ती वही दाखवलीत, प्रत्येक पानावर तीन रकाने आखलेले, माहीत आहे, ऐकलंय, माहीत नाही. फोन वाजला की आधी वही उघडायची, मगच तोंड.

तेव्हाच ती रोझेल आणि सॅलिंजरची गोष्ट पहिल्यांदा ऐकली (नंतर अजून वीसेक वेळा ऐकली असेल). पीट रोझेल म्हणजे लॉस एंजेलिस रॅम्स टीमचा एकेकाळचा पब्लिसिटीवाला, जो 1960 मध्ये वयाच्या 33 व्या वर्षी एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा, कमिशनर झाला. आणि पिएर सॅलिंजर त्याचा युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्कोमधला दोस्त, आधी रिपोर्टर, मग केनेडींचा प्रेस सेक्रेटरी. 22 नोव्हेंबर 1963 ला, शुक्रवारी, केनेडींची हत्या झाली, आणि रविवारच्या मॅचेस खेळवायच्या का हे रोझेलने विचारलं कोणाला, तर सॅलिंजरला. तो म्हणाला खेळवा. सातही मॅचेस झाल्या, टीव्हीवर एकही दिसली नाही कारण तिथे फक्त हत्येचं कव्हरेज चालू होतं, दुसऱ्या लीगने, म्हणजे एएफएलने, आपल्या मॅचेस पुढे ढकलल्या होत्या, त्यामुळे रोझेल अजूनच उघडा पडला. पुढे त्याने स्वतःच कबूल केलं की ती चूक होती. राजकारण, मीडिया, स्पोर्ट्स, तिन्ही एका फोनवर, असं तुम्ही म्हणायचात आणि बोट टेबलावर आपटायचात.

पण मला त्या गोष्टीचा शेपटाचा भाग जास्त लक्षात राहिलाय. सॅलिंजर नंतर काही महिने सेनेटर होता, मग एबीसी न्यूजमध्ये गेला, चांगलं नाव कमावलं. आणि 1996 मध्ये टीडब्ल्यूए या अमेरिकन एअरलाइनचं 800 नंबरचं विमान पडलं, 230 माणसं गेली, तेव्हा हा सांगायला लागला की नेव्हीच्या मिसाइलने पाडलं, आपल्याकडे कागद आहे. तो कागद इंटरनेटवर आधीपासूनच फिरत होता. तपासात निघालं की इंधनाच्या टाकीत स्फोट झाला होता. एवढा मुरलेला माणूस, आणि दुसऱ्या रकान्यातली गोष्ट पहिल्यात लिहून बसला.

मी पण तेच केलं ना. तुम्ही सुट्टीवर होतात. कॉरिडॉरमध्ये कोणीतरी म्हणालं की अमुक प्लेअर फिट आहे आणि मी सरळ नोटमध्ये टाकलं, फिजिओला विचारायचे कष्ट घेतले नाहीत. संध्याकाळी तोच प्लेअर पायाला ब्रेस लावून लंगडत गाडीत बसतानाचा फोटो सगळीकडे. रात्री पावणेबाराला तुम्हाला फोन लावला, आणि पहिलं वाक्य काय बोलले तर, टायपो होता म्हणून सांगू का? फिटचा टायपो काय असणार होता देव जाणे.

तुम्ही ओरडला नाहीत. कोणी सांगितलं होतं? कोणत्या रिपोर्टरने छापलंय? तिला फोन केलास? मी म्हटलं नाही. "मग माझ्याशी काय बोलतेयस?" आणि फोन ठेवून दिलात.

तिला फोन केला. तिने मला चांगली चार मिनिटं झापली, तिची बातमी माझ्या नोटच्या जिवावर होती आणि आता तिचा एडिटर तिला झापत होता. मग तुमचाच फोन आला, दीड वाजेपर्यंत लाइनवर राहिलात, माझं नऊ वाक्यांचं स्टेटमेंट तीनवर आणलंत. नोट चुकीची होती. चूक माझी, मेडिकल टीमची नाही. प्लेअरची तपासणी उद्या. 'गैरसमज' हा शब्द मी तीनदा घुसवला आणि तुम्ही तीनदा काढलात.

इतकं मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की सकाळी मॅनेजमेंटला तुम्ही सांगितलंत की नोट चेक करायची जबाबदारी तुमची होती. सुट्टीवर असताना! हे मला दोन वर्षांनी कळलं, तेही दुसऱ्याच कोणाकडून, लिफ्टमध्ये. तुम्हाला विचारलं तर म्हणालात आठवत नाही. मॅडम, तुम्हाला 1963 चा रविवार आठवतो आणि हे आठवत नाही होय.

तर थँक्यू. त्या फोनसाठी, फोन ठेवून दिल्याबद्दल, आणि परत केल्याबद्दल. त्या रिपोर्टरचे आणि माझे आता चांगले संबंध आहेत, पण माझ्याकडून 'फिट' शब्द आला की ती अजून विचारते, "नक्की?"

आणि त्या रविवारच्या मॅचेसबद्दल तुम्ही अजूनही म्हणता की सॅलिंजरचा सल्ला बरोबर होता, लोकांना दोन तास दुसरं काही बघायला हवं होतं. मला नाही पटत. सवडीने फोन करा, भांडू.