दुसऱ्या फेरीची तारीख आधीच जाहीर करावी

माननीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री यांस,

सविनय नमस्कार.

सरकारी निधीतून चालणाऱ्या प्रगत संशोधनात तंत्रज्ञान आव्हान स्पर्धांचे, म्हणजे ठरवून दिलेले अवघड तांत्रिक उद्दिष्ट गाठणाऱ्या संघाला पारितोषिक देणाऱ्या स्पर्धांचे, स्थान वाढत आहे आणि ते वाढावे, असेच मला वाटते. म्हणूनच आपल्याकडे एक आग्रहाची मागणी करतो : आव्हान स्पर्धा जाहीर होतानाच तिच्या दुसऱ्या फेरीची तारीख व तरतूदही जाहीर व्हावी आणि पहिल्या फेरीत कोणी पात्र ठरले नाही म्हणून ती रद्द होऊ नये.

अमेरिकेच्या ‘डार्पा’ या संरक्षण संशोधन संस्थेने १३ मार्च २००४ रोजी मोजावी वाळवंटात चालकाविना धावणाऱ्या गाड्यांची शर्यत घेतली. अंतर सुमारे २२८ किलोमीटर, पारितोषिक दहा लाख डॉलर. सुटलेल्या १५ गाड्यांपैकी सर्वांत पुढे गेलेली गाडीही १२ किलोमीटर पूर्ण होण्याआधीच अडकली. त्या संध्याकाळी कोणी खर्चाचा हिशेब मांडला असता, तर निष्पत्तीच्या रकान्यात शून्यच आले असते. संस्थेने मात्र पारितोषिक दुप्पट करून शर्यत पुन्हा घेतली. ऑक्टोबर २००५ मध्ये पाच गाड्यांनी सुमारे २१२ किलोमीटरचा मार्ग पूर्ण केला आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाची ‘स्टॅनली’ सात तासांच्या आत पोहोचून पहिली आली. गाडी नेमकी कुठे आणि का थांबते, हे प्रयोगशाळेत बसून कळले नसते. पहिल्या वर्षीच्या अपयशानेच ते शिकवले.

हे मी अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी आमचा छोटा गट अशाच एका स्पर्धेत उतरला होता. अंतिम चाचणीत आमच्या पाण्याखालच्या तपासणी यंत्राच्या झाकणाच्या जोडातून पाणी शिरले आणि यंत्र बंद पडले. तो दोष आम्ही आठवडाभरात दूर केला, परंतु तोपर्यंत ‘एकही संघ पात्र नाही’ असा शेरा मारून स्पर्धा मिटवण्यात आली होती. आमची आणि इतर संघांची चाचणी-नोंद कोणी मागितली नाही, त्यामुळे पुढे त्याच प्रश्नावर काम करणाऱ्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असणार. या नोंदी जमा करून सर्वांना खुल्या करणे आपल्या खात्याला सहज शक्य आहे.

निव्वळ पारितोषिकावर चालणारी स्पर्धा ज्यांच्याकडे आधीच पैसा आहे त्यांनाच पेलते. ‘डार्पा’ने २००७ च्या शहरी रस्त्यांवरील स्पर्धेत निवडक ११ संघांना प्रत्येकी दहा लाख डॉलरपर्यंतचे आगाऊ साहाय्य दिले होते. तसे टप्प्याटप्प्याचे साहाय्य दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात मिळाले, तर छोटे गट टिकतील.

मात्र दुसरी फेरी घेताना निकष बदलू नयेत. समुद्रावर रेखांश शोधण्यासाठी ब्रिटिश संसदेने १७१४ मध्ये कमाल २०,००० पौंडांचे पारितोषिक ठेवले. जहाजावर मूळ बंदराची अचूक वेळ कळली की रेखांश काढता येतो; त्यासाठी घड्याळ बनवणारे कारागीर जॉन हॅरिसन यांचे घड्याळ जमैकाच्या ८१ दिवसांच्या प्रवासात अवघे पाच सेकंद चुकले, तरी परीक्षक मंडळाने दुसरा प्रवास करायला लावला आणि तोही यशस्वी झाल्यावर नव्या अटी घातल्या. चंद्राच्या स्थानावरून रेखांश काढण्याच्या प्रतिस्पर्धी पद्धतीचे पुरस्कर्ते नेव्हिल मॅस्केलिन १७६५ मध्ये ब्रिटनचे राजखगोलशास्त्रज्ञ झाले आणि त्या नात्याने याच मंडळावर आले. हॅरिसन यांना १७७३ मध्ये संसदेने ८,७५० पौंड दिले, तेव्हा त्यांचे वय ८० होते. एका कारागिराचे उमेदीचे आयुष्य या वादात गेले, हे वाचताना आजही मन विषण्ण होते.

म्हणून पुढील स्पर्धेच्या अधिसूचनेतच दुसऱ्या फेरीची तारीख, तिच्यासाठी राखून ठेवलेली रक्कम आणि दोन्ही फेऱ्यांना लागू असणारे मोजमापाचे निकष छापावेत, तसेच ज्याचे हित प्रतिस्पर्धी तंत्रात गुंतले आहे, त्याला परीक्षक नेमू नये, ही विनंती.

आपला नम्र,
एक अभियंता