बाबा, मला उशीर का झाला

मरोळ, मुंबई
रविवार, दुपार

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, थेंब वेळेवर घालताय ना? चार वेळा म्हणजे चारच वेळा, आणि मध्ये डोळा चोळायचा नाही. आई, तू लक्ष ठेव.

सोमवारी तुमच्या डोळ्यावर पट्टी होती, मी खुर्ची ओढून शेजारी बसले, आणि तुम्ही विचारलंत, "तुम्ही तर विमानातलीच माणसं. तुम्हाला कोण अडवतं गं?" मी "नंतर सांगते" म्हणाले आणि आत जाऊन झोपले. तुमचं ऑपरेशन दहाला होतं, मी पोचले साडेबाराला. आईने तुम्हाला रिक्षाने एकटीने नेलं, फॉर्मवर सही एकटीने केली. हे माझ्या मनातून जात नाही, म्हणून नीट लिहिते.

ठरलं होतं ते असं: रात्री अडीचला मुंबईत उतरायचं, घरी बॅग टाकून ठाण्याहून तपोवन पकडायची, साडेनऊच्या सुमारास नाशिकरोड. सगळं बिघडलं ते तिकडून निघताना. हॉटेलची गाडी वेळेवर आली, आम्ही वेळेवर विमानतळावर पोचलो. इमिग्रेशनला, म्हणजे पासपोर्ट तपासतात तिथे, क्रूसाठी, म्हणजे आम्हा विमानातल्या कर्मचाऱ्यांसाठी, वेगळी खिडकी आहे, पण ती बंद होती. आम्हाला प्रवाशांच्या रांगेत उभं केलं. त्याच वेळी तीन मोठी विमानं सुटायची होती आणि दहा खिडक्यांपैकी तीनच चालू होत्या. पन्नास मिनिटं आम्ही युनिफॉर्ममध्ये तिथे उभे. मागे आमचेच प्रवासी होते. एक आजी मला विचारत होत्या, "बेटा, तुम्ही इथेच आहात तर विमान जाणार कधी?"

प्रवाशांना आत घेण्याआधी आम्हाला ऑक्सिजनच्या बाटल्या, आग विझवायची नळकांडी, लाइफ जॅकेटं, दारं, सगळं तपासावं लागतं. ते झाल्याशिवाय बोर्डिंग नाही. त्यात घाई करायची नसते आणि मी करत नाही. त्यामुळे आम्ही पन्नास मिनिटं उशिरा पोचलो म्हणजे विमानही तेवढंच मागे पडलं. मग उड्डाणाचा स्लॉट, म्हणजे आम्हाला नेमून दिलेली वेळ, गेला. पुढचा मिळेपर्यंत प्रवासी आत बसवून आम्ही जमिनीवरच. पन्नास मिनिटांचे असे पावणेतीन तास झाले. मुंबईत चाकं टेकली तेव्हा सव्वापाच वाजले होते. शेवटच्या व्हीलचेअरवाल्या काकांना उतरवलं, सीटखाली-वर कुणाचं काही राहिलंय का बघितलं, दारूच्या ट्रॉल्यांना सील लावून नंबर कागदावर चढवले, आणि बाहेर आले तोवर तपोवन ठाणं सोडून गेली होती. मग टॅक्सी. कसाऱ्याच्या घाटात ट्रकच्या मागे बसून मी आईला फोन लावत होते आणि तिचा फोन पर्समध्ये बंद होता.

बाबा, तुम्ही म्हणाल की तपासणी हवीच. तुमची चौतीस वर्षं नाशिकरोडच्या सरकारी सिक्युरिटी प्रेसमध्ये गेली, जिथे पासपोर्ट छापतात. रोज सुटताना गेटवर झडती दिलीत, आणि लहानपणी मी विचारलं होतं की तुम्हाला राग नाही येत का, तेव्हा म्हणाला होतात की आत जे छापतो त्यावर देशाचा विश्वास आहे, मग खिसा दाखवायला लाज कसली. ते मी विसरलेले नाही. मलाही बॅग उघडायला लाज वाटत नाही. आमच्यातलेच काही लोक सोनं आणताना सापडलेत हे मला माहीत आहे. त्यांच्यामुळे माझी बॅग मशीनमधून दोनदा गेली तरी चालेल.

पण तुम्हीच हेही सांगायचात की पाळी सुटायच्या वेळी गेटवर माणसं वाढवायचे, कारण किती जण किती वाजता बाहेर पडणार हे सगळ्यांना ठाऊक असायचं. माझं म्हणणं तेवढंच आहे. विमानाची वेळ काही महिने आधी ठरलेली असते. विमानात कोण आहे, त्यांचे पासपोर्ट नंबर काय, आमच्या क्रूची नावं काय, ही यादी विमान उतरायच्या आधीच इमिग्रेशनकडे गेलेली असते. जनरल डिक्लरेशनवर, ज्याला आम्ही जीडी म्हणतो, आमची नावं वेगळी असतात. एवढं सगळं हातात असताना खिडकीत माणूस का नसतो? खिडकीत बसलेल्यांवर माझा राग नाही. ते बिचारे बारा-बारा तास मान वर न करता शिक्के मारत असतात. राग आहे तो त्यांना कमी संख्येने बसवणाऱ्यांवर.

तुम्हाला असल्या गोष्टी वाचायला आवडतात म्हणून सांगते. 1944 साली शिकागोत 52 देशांनी विमान वाहतुकीच्या करारावर सह्या केल्या, त्यात भारत होता. त्यातलं बाविसावं कलम ह्याच गोष्टीचं आहे: इमिग्रेशन, कस्टम्स ह्यांच्यापायी विमानांना, क्रूला, प्रवाशांना विनाकारण खोळंबा होऊ नये. प्रवाशांबरोबर क्रूचं नाव त्यात स्पष्ट लिहिलंय. पुढे 1949 मध्ये त्याचं सविस्तर परिशिष्ट आलं. उतरल्यापासून 45 मिनिटांत साध्या प्रवाशाची सगळी तपासणी संपावी, असं उद्दिष्ट त्यात आहे. म्हणजे मी काही नवीन मागत नाही.

आणि दमणं, बाबा. आमची उड्डाणाची ड्यूटी नियमात विमान थांबून इंजिन बंद झालं की संपते. शरीराची तिथे संपत नाही. रात्रभर जागून, सुजलेल्या पायांनी परक्या शहरात दीड तास रांगेत उभं राहिलं की हॉटेलात पोचेपर्यंत झोप उडून जाते. दुसऱ्या दिवशी त्याच डोक्याने तीनशे माणसांची जबाबदारी घ्यायची. मला हे काम मनापासून आवडतं, म्हणूनच ते अर्धवट जागेपणी करायला मला भीती वाटते.

आई, आता तुझ्यासाठी एक. तू मागच्या वेळी बॅगेत घातलेलं लिंबाचं लोणचं मी परदेशात उतरल्यावर कस्टम्सच्या कागदावर खरं लिहून दाखवलं. तरी त्यांनी बरणी उघडली, वरिष्ठांना बोलावलं, चाळीस मिनिटं गेली, आणि शेवटी ती बरणी तिथेच ठेवावी लागली. बाकीची सगळी टीम बाहेर गाडीत माझी वाट बघत होती. कुणी एक शब्द बोललं नाही, पण मला रडू आलं, तुझे हात आठवून. यापुढे लोणचं मरोळच्या घरासाठीच दे. मी इथेच भाकरीबरोबर खाईन.

बाबा, माझा पासपोर्ट संपत आलाय, शिक्क्यांनी साठ पानं भरली. नवा येईल तो चिपचा, कव्हरवर खाली छोटी सोनेरी खूण असलेला, आणि तोही तुमच्या प्रेसमधलाच. रांगेत उभी असते तेव्हा मी नकळत हातातल्या पासपोर्टच्या शिवणीवरून अंगठा फिरवते. ते काम तुम्ही मला एकदा घरी वहीवर करून दाखवलं होतंत.

दुसऱ्या डोळ्याची तारीख मिळाली की त्याच दिवशी कळवा. मी आदल्या दोन दिवसांची सुट्टी आत्ताच मागून ठेवतेय. ह्या वेळी पहाटेच्या गाडीवर विसंबणार नाही, आदल्या संध्याकाळच्या पंचवटीनेच येईन. स्टेशनवर कुणी यायचं नाही, बिटकोपासून रिक्षा मिळते. आई, फॉर्मवर सही मी करेन.

तुमची,
मनू