‘कमवा व शिका’तल्या मुलांचीही बातमी व्हावी

नववर्षाच्या तोंडावर विद्यापीठांच्या क्रमवारीच्या, पेटंटच्या बातम्या येतात. वाचून आनंदच होतो. पण ३ जानेवारी हा सावित्रीबाईंचा जन्मदिवस, आणि २०१४ पासून पुणे विद्यापीठ त्यांचे नाव अभिमानाने लावते आहे. म्हणून एक विनंती. त्या दिवशी ‘कमवा व शिका’ योजनेतून पदवी घेतलेल्या मुलामुलींची नावेही छापावीत. ही मुले बागेत, ग्रंथालयात, कार्यालयात काम करतात आणि शिकतात. कित्येक जण तर घरातले पहिलेच पदवीधर! मीही याच योजनेतून शिकले. जयकर ग्रंथालयातली पुस्तके पुसता पुसताच वाचनाची गोडी लागली. माझ्या आईला पेपरात लेकीचे नाव बघायला फार आवडले असते.

– एक माजी विद्यार्थिनी, पुणे