‘डास टेकताच मरतो’ असे छापून विकलेल्या मच्छरदाणीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : औषधी मच्छरदाण्यांची रक्कम परत मिळणे व वेष्टनावर औषधाची पूर्ण माहिती छापणे.

महोदय,

आम्ही किनवट तालुक्यातले. डोंगर-जंगलाचा भाग, पाऊस उघडला की हिवतापाची धास्ती. म्हणून साध्या जाळीपेक्षा जास्तीचे पैसे मोजून आपल्या कंपनीच्या दोन औषधी मच्छरदाण्या घेतल्या. पावतीची प्रत सोबत जोडली आहे.

वेष्टनावर ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘डास टेकताच मरतो’. आमच्याकडं तो टेकतो आणि निवांत बसतो. रात्री बॅटरी मारून पाहिलं, तर झोपेत पोरीचा कोपर जाळीला जिथं लागला होता, नेमके तिथंच बाहेरून डास चिकटलेले. ढुंगण वर करून बसलेले, म्हणजे हिवतापाच्याच जातीचे. सकाळी कोपरावर गांधी.

आपल्या हेल्पलाइनवरच्या ताई म्हणाल्या, ‘दाणी जास्त धुतली असेल, उन्हात वाळवली असेल.’ दाणीला अजून पाणी लागलेलं नाही. आणि लागलं असतं तरी काय? अशा दाणीचं औषध २० धुण्यांपर्यंत टिकावं, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे.

माझं कृषी सेवा केंद्र आहे, त्यामुळं औषधाच्या गोष्टी मला नव्या नाहीत. आपल्या वेष्टनावर बारीक अक्षरांत फक्त ‘डेल्टामेथ्रिन’ आहे. प्रमाण नाही, बॅच नंबर नाही. माझ्या दुकानातल्या शंभर मिलीच्या बाटलीवरही टक्केवारी, बॅच, तारीख, विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण सगळं असतं. डेल्टामेथ्रिन हे सिंथेटिक पायरेथ्रॉईड घराण्यातलं कीटकनाशक. कपाशीवर मारतात ते सायपरमेथ्रिन, लॅम्बडा त्याच घराण्यातलं. घरातली कॉईल आणि लिक्विडही त्याच घराण्यातलं. चहूबाजूंनी एकच औषध मिळालं की त्यातून वाचलेल्या डासांचीच पिलावळ वाढते. खेड्यापाड्यांत हिवताप पसरवणारा अॅनोफिलिस क्युलिसिफेसिस जातीचा डास आधी डीडीटीला, मग मॅलॅथिऑनला आणि आता अनेक ठिकाणी पायरेथ्रॉईडलाही जुमानत नाही. हे आपल्यासारख्या कंपनीला ठाऊक नसेल, असं मी मानत नाही.

त्यावर उपायही निघालेत. डासाच्या अंगातली औषध पचवणारी यंत्रणा रोखणारं पीबीओ घातलेल्या दाण्यांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये केली, पायरेथ्रॉईडसोबत क्लोरफेनापायर हे वेगळ्या घराण्यातलं औषध असलेल्या जोड-औषधी दाण्यांची २०२३ मध्ये. आपल्या दाणीत यातलं काही आहे का, हे गिऱ्हाइकाला कळायला नको?

आमच्याकडचे डास औषधाला दाद देत नाहीत, की जाळीवर औषधच कमी बसलंय, याचा निकाल प्रयोगशाळेत लागेल. दोन्हींपैकी एक दाणी तपासणीला पाठवायची माझी तयारी आहे. अहवालाची प्रत मला हवी.

दाण्या आम्ही रोज लावतोच, कडा गोधडीखाली खोचून, साधी जाळी म्हणून. पण साधी जाळीच हवी असती, तर जास्तीचे पैसे मोजून या दाण्या घेतल्याच नसत्या. फरकाची नव्हे, पूर्ण रक्कम १५ दिवसांत परत करावी. नाहीतर नांदेडच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन.

आपला,
एक ग्राहक
ता. किनवट, जि. नांदेड