बाबा, लॅपटॉप उघडायच्या आधी हे वाचा

प्रिय आई-बाबा,

सा. न. वि. वि.

तुम्ही दापोलीहून कोथरूडला पोचाल तेव्हा मी बंगळुरूच्या बसमध्ये असेन, म्हणून हे लिहून लॅपटॉपवरच ठेवतेय. बाबा, आधी शेवटपर्यंत वाचा आणि मग फोन करा, उलटं नको. लॅपटॉपवरचं विंडोज काढून मी लिनक्स मिंट टाकलंय, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम. विचारत बसले असते तर तुम्ही "चालतंय ना, मग कशाला हात लावतेस" म्हणाला असतात.

आपल्या विंडोज १० ची नेहमीची सिक्युरिटी अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. वर्षभराची मुदतवाढ मिळते, हो, तुम्ही ते कात्रण कापून ठेवलंयत ते पाहिलं मी, पण ती ऑक्टोबर २०२६ पर्यंतच, आणि विंडोज ११ वर जायचं तर इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, आपला सहाव्या पिढीचा. म्हणजे धडधाकट लॅपटॉप निव्वळ मायक्रोसॉफ्टच्या यादीत प्रोसेसरचं नाव नाही म्हणून बाद! दादा म्हणाला नवीनच घेऊन देऊ. देता आला असता. पण आईचे गौरी-गणपतीचे फोटो परस्पर कुठल्यातरी क्लाउडवर चढले आणि मग जागा संपली, पैसे भरा म्हणून मेल यायला लागले, ते नवीन लॅपटॉपवर थांबणार होतं का? शनिवार पेठेतल्या वाड्यात मालक मनाला येईल तेव्हा नळ बंद करायचा, त्याला कंटाळून तुम्ही दोघांनी पोटाला चिमटा काढून हा फ्लॅट घेतलात ना, मग लॅपटॉपवर अजून भाडेकरू कशाला?

मिंटला कुठलंही खातं उघडावं लागत नाही. अपडेट आलं की खालच्या पट्टीत ढालीचं चित्र दिसतं, ते कधी करायचं हे तुम्ही ठरवायचं. मी टाकलेली आवृत्ती २२ आहे, तिला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट्स मिळणार. आणि हे काही कालपरवाचं खूळ नाही हो, १९९१ साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सची सुरुवात केली, तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तेच लिनक्स आहे. केरळातल्या सरकारी शाळांतली पोरं यावरच कॉम्प्युटर शिकतात. तुम्हाला तर पत्त्यांचा खेळ, पेन्शन आणि सोसायटीचे हिशोब एवढंच करायचंय.

हिशोब लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे एक्सेल-वर्डची कामं करणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडतात, सगळ्या फाइली एकेक करून बघितल्या. मेंटेनन्सच्या फाइलीतलं ते आपोआप पावती काढणारं बटण मात्र चालत नाही, म्हणून बेरजेचे फॉर्म्युले साधे लिहून दिलेत, पावती हाताने प्रिंट करायची. बँक आणि इन्कम टॅक्सच्या वेबसाइट फायरफॉक्स ब्राउझरमध्ये. हयातीच्या दाखल्याचं टेन्शन घेऊ नका, तो फोनवर चेहरा दाखवून होतो. प्रिंटर आणि वायफाय आधी पेनड्राइव्हवरूनच मिंट चालवून तपासले, मगच जुनं काढलं. मोतीबिंदूनंतर तुम्हाला बारीक दिसत नाही म्हणून अक्षरं मोठी केलीयत, कर्सरपण.

आई, तुझ्या भजनी मंडळाच्या जुन्या फाइली त्या जुन्या फॉन्टमधल्या होत्या, फॉन्ट नसला की नुसती चित्रविचित्र चिन्हं दिसतात. त्या सगळ्या युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठी नीट दिसेल अशा अक्षरांत, करून दिल्यात, आता मावशीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्यास तरी तिला वाचता येतील. रफारांवर एकदा नजर टाक, काही ठिकाणी उडाले असतील.

आत जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे जास्त वेगवान डिस्क, पण बसवलीय, त्यामुळे चालू व्हायला पूर्वीसारखा चहा होईपर्यंत वेळ लागणार नाही. स्क्रू त्याच कान तुटलेल्या वाटीत ठेवले होते बाबा, रेडिओ उघडलात की जी माझ्या हातात द्यायचात ना, ती. एकही स्क्रू उरला नाही! तेव्हा मला वाटायचं जगातलं काहीही तुम्ही उघडून परत लावू शकता. अजून वाटतं.

आता ऐका. कोणीही फोन करून "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे" म्हणालं तर फोन ठेवायचा, त्याच्याशी वाद घालत बसायचं नाही. लिनक्स असलं तरी ओटीपी सांगितला की पैसे जातातच. पासवर्ड आईच्या वाणसामानाच्या वहीत शेवटच्या पानावर आहे, तो स्क्रीनला चिकटवू नका. दर रविवारी डॉक्युमेंट्सचा फोल्डर निळ्या पेनड्राइव्हवर कॉपी करायचा, बिघाड झाला तर मागे नेणारा टाइमशिफ्ट प्रोग्राम लावलाय पण तो सिस्टिम परत आणतो, तुमचे हिशोब नाही.

महिनाभर वापरून बघा. नाहीच जमलं तर मी पूर्वीचं जसंच्या तसं करून देईन, तोंड वाकडं न करता. जुनी हार्ड डिस्क तेवढ्यासाठीच काढून लोखंडी कपाटात खालच्या खणात ठेवलीय, वर 'टाकू नये' लिहिलंय. आई, हे तुझ्यासाठी लिहिलंय, दिवाळीच्या साफसफाईत ती भंगारवाल्याला देऊ नकोस.

तुमची,
मनू