मॅडम, राइड्सच्या मधल्या वेळेसाठी थँक्यू

मॅडम,

धाकट्याला घेऊन थीम पार्कहून परत आल्यावर तुम्हाला थँक्यूचा मेसेज टाकला होता पण तो दोन ओळींत उरकला आणि मनात बरंच राहून गेलं, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. शिवाय ऑटिस्टिक मुलाला घेऊन थीम पार्कला जावं की राहू द्यावं या विचारात असलेले आईबाबा बरेच आहेत, कोणाच्या कामी आलं तर आलं.

निघण्याआधी आम्ही तुमच्याकडे सल्ला मागायला राइड्सची यादी घेऊन आलो होतो, कुठली आधी कुठली नंतर. तुम्ही ती वाचलीत आणि विचारलंत, दोन राइड्सच्या मधे काय करणार? रांगेत पुढे कोण मागे कोण, रांगेतून अचानक बाहेर पडायचं झालं तर कुठून, टॉयलेटमधे हात वाळवायचं ते घोंघावणारं मशीन असलं तर काय. खरं सांगते, तेव्हा वाटलं की बाई सुट्टीवर चाललोय का मोहिमेवर! पण पार्कमधला दिवस जातो तो रांगेत, चालण्यात आणि वाट बघण्यात, प्रत्यक्ष राइड काही मिनिटांची, आणि आमच्या धाकट्याचं जे काय बिनसतं ते त्या मधल्या वेळातच बिनसतं. हे तुम्ही आधी ओळखलंत, सगळं त्यावरच उभं राहिलं.

ती फोटोंची वही तर काय सांगू. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, याला सोशल स्टोरी म्हणतात, कॅरल ग्रे नावाच्या अमेरिकन शिक्षिकेने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत आणली, मुलाच्या बाजूने साध्या वाक्यांत पुढे काय होणार ते लिहायचं. आम्ही पार्कच्या वेबसाइटवरचे फोटो लावले, राइडमधे बसून काढलेले व्हिडिओ दाखवले आणि छान ठाम वाक्यं लिहिली, मी या राइडमधे बसणार वगैरे. तुम्ही प्रत्येक ठिकाणी "बहुतेक" आणि "कधी कधी" घालायला लावलंत, आणि एक पान वेगळं लिहून घेतलंत, "कधी कधी राइड बंद असते. मग आपण दुसरीकडे जातो." आणि मॅडम, त्याची सगळ्यात आवडती राइड खरंच बंद निघाली हो! माझ्या पोटात गोळाच आला. त्याने ते पान काढलं, बोट ठेवलं, दोनतीनदा मोठ्याने म्हटलं, हात जोरजोरात फडफडवले आणि निघाला पुढे. आम्ही दोघं तिथेच उभे.

अजून एक गोष्ट तुम्ही समजावलीत ती मी आता नातेवाईकांना समजावत फिरतेय. लोक म्हणतात, कुकरच्या शिट्टीला कान झाकणारा मुलगा रोलरकोस्टरवर हसतो कसा, म्हणजे नाटक करतो का? तर आवाजाची संवेदना वेगळी आणि आतल्या कानातून कळणारी हालचालीची, तोलाची संवेदना वेगळी, एक नकोशी होते आणि दुसरी कितीही मिळाली तरी कमीच पडते, एकाच मुलात दोन्ही असू शकतं. वरून तो सेफ्टी बार मांडीवर घट्ट दाबतो तेही त्याला आवडतं. रांगेत मात्र कोणाचा धक्का कधी लागेल त्याचा नेम नाही, म्हणून बाबा पुढे, मी मागे, तो मधे, कानावर हेडफोन. मोठ्या डोक्याचे ते मॅस्कॉट जवळ यायला लागले की आम्ही रस्ताच बदलायचो, त्यावर जास्त काय लिहू.

पार्कची अशा मुलांसाठीची पास सिस्टिम आधी वाचून ठेवा म्हणालात तेही फार बरं झालं. डिस्नेच्या अमेरिकेतल्या पार्कांत 2013 पासून अशी सर्व्हिस आहे, रांगेत उभं न राहता परत यायची वेळ मिळते, तोवर कुठेही शांत बसा. थांबायचं असतंच, फक्त गर्दीबाहेर, त्यामुळे "यांना फुकट पुढे सोडतात" म्हणणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं. नियम मात्र प्रत्येक पार्कचे वेगळे आणि बदलतेही, डिस्नेनेच 2024 मधे बरेच बदलले, म्हणून कोणाच्या जुन्या अनुभवावर विसंबू नका, निघण्याआधी चालू नियम बघा. आणि ती सूर्यफुलांची हिरवी पट्टी, वरून न दिसणारी अडचण आहे हे सांगणारी, 2016 मधे लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झालेली, ती गळ्यात असली म्हणून पुढे नंबर लागत नाही, पण ओळखणारा स्टाफ असला तर बोलण्याची पद्धत बदलते.

रोज सकाळी त्या दिवसाच्या कपड्यांत त्याचा फोटो काढायचा, मनगटावर फोन नंबर, आणि हरवलाच तर आधी पाण्याकडे धावायचं, कारण अशी बरीच मुलं पाण्याकडे ओढली जातात. धावायची वेळ आली नाही. पण तलाव कुठे, कारंजं कुठे हे पाठ होतं म्हणून मी जरा श्वास घेऊ शकले.

एकदा बिनसलंच, दुपारी, परेडच्या ढोलांनी. जमिनीवर आडवा, किंचाळणं, सगळं. बघे जमले, एका बाईंनी आइस्क्रीम देऊन बघा असं सुचवलं, चांगल्या मनानेच. पण हट्ट असता तर आइस्क्रीमने थांबला असता, मेल्टडाउनमधे मुलाचा स्वतःवर ताबाच नसतो. तुम्ही सांगितलं होतं तसं आम्ही बोलणं बंद केलं, गर्दीकडे पाठ करून आडोसा केला आणि थांबलो. नंतर सरळ हॉटेल, उरलेला दिवस खोलीत, कोणी हळहळलं नाही. तेही वहीत होतं ना.

आणि मोठीबद्दल. तिच्याबद्दल तुम्ही विचारलंत, बाकी कोणीच विचारत नाही. रायडर स्विच मागा म्हणालात, म्हणजे एक पालक धाकट्यापाशी थांबतो, दुसरा राइड करून येतो, मग अदलाबदल, पुन्हा पूर्ण रांग लावायची नाही, आणि बऱ्याच ठिकाणी मोठ्या भावंडाला दोघांबरोबर बसता येतं. मोठी त्या उंच राइडवर आधी बाबाबरोबर गेली, मग माझ्याबरोबर. वर जाताना म्हणाली, आई आज याच्यामुळे मला डबल मिळालं! एरवी तिच्या वाट्याला "याच्यामुळे" म्हटलं की काहीतरी कॅन्सल झालेलंच येतं, त्यामुळे पुढची राइड मला नीटशी दिसलीच नाही.

वही जपून ठेवलीय. दुसऱ्या कोणा पालकांना नमुना म्हणून दाखवायची असेल तर सांगा, त्याचे फोटो तेवढे काढून देते, "कधी कधी राइड बंद असते" ते पान मात्र झेरॉक्सच देईन, मूळ पान तो द्यायला तयार नाहीये.

तुमची,
धाकट्याची आणि मोठीचीही आई