आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र: फिट्स येणाऱ्या मुलांच्या खाण्याकडे कोणीतरी बघा

मा. आरोग्यमंत्री,
स.न.

माझ्या मुलीला पाचव्या वर्षापासून फिट्स येतात, आता ती नऊची आहे. माझ्या उशाशी एक वही असते, किती वाजता आली, किती मिनिटं चालली, ओठ निळे पडले का, मान कुठे वळली, आणि आदल्या दिवशी पोरीने काय काय खाल्लं, सगळं त्यात आहे. चार वर्षांत एकाही डॉक्टरांनी ती उघडली नाही. डॉक्टर वाईट नाहीत हो, बाहेर एवढी रांग असते की त्यांना मान वर करायला वेळ नसतो.

तिचं डोकं खूप दुखतं, पोटही दुखतं, म्हणून विचारतेय की खाण्याच्या अ‍ॅलर्जीचा आणि फिट्सचा काही संबंध आहे का. १९८९ साली ६३ मुलांचा एक अभ्यास छापून आला, त्यांना ठरावीक मोजकेच पदार्थ खायला दिले होते. फिट्ससोबत डोकेदुखी, पोटदुखी किंवा अतिचंचलपणा असलेल्या ४५ पैकी २५ मुलांच्या फिट्स थांबल्या, ११ जणांच्या कमी झाल्या. पण नुसत्या फिट्स येणाऱ्या १८ पैकी एकालाही फरक पडला नाही. म्हणजे अ‍ॅलर्जीमुळेच फिट येते असं मी अजिबात म्हणत नाही, पण काही मुलांच्या बाबतीत तरी शोधायला पाहिजे ना? त्या गोष्टीला तीस वर्षं उलटून गेली साहेब.

आणि कोणी सांगत नाही म्हणून आईबाप स्वतःच प्रयोग करतात. आज दूध बंद, उद्या गहू बंद, आयजीजी नावाच्या रक्तातल्या प्रतिपिंडाचे महागडे रिपोर्ट काढतात ज्यावरून अ‍ॅलर्जी कळतच नाही, पोर मात्र वाळत जातं. काहीजण तर गोळ्याच थांबवतात, आणि एकदम थांबवल्या की फिट आटोक्यातच येत नाही अशी वेळ येऊ शकते. मीही एकदा मनानेच दूध अंडी दोन्ही बंद केलं होतं, महिन्याभरात तिचं दीड किलो वजन उतरलं, फिट्स तेवढ्याच.

तर मागणी एवढीच, मुलांच्या फिट्सच्या प्रत्येक ओपीडीत एक आहारतज्ज्ञ बसवा. सीलिअ‍ॅकची, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची, शंका असेल तिथे रक्ततपासणी फुकट करा, पण गहू बंद करायच्या आधी, नाहीतर रिपोर्ट चुकतो. आणि डोकेदुखी पोटदुखीवाल्या मुलांवर तोच अभ्यास आजच्या पद्धतीने, जास्त मुलं घेऊन परत करायला पैसे द्या.

माझ्या वहीची झेरॉक्स सोबत जोडलीय. शेवटची नोंद परवा पहाटेची आहे, ३ वाजून ४० मिनिटं.

एक आई